उन्हाळ्यात व्हेरिकोजचे पाय आणि ते घट्ट मोजे : कसे काढता हो दिवस?

तवा_आणि_मी | ९ एप्रिल, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी इथं पाककृतींचे धागे वाचून जातो, लिहितो कमी. आज लिहायला बसलोय कारण पाय दोन उशांवर ठेवलेत आणि झोपेचा पत्ता नाही.

मंगळवार पेठेत माझं पोळी-भाकरीचं केंद्र आहे. सकाळी ७ ते १, संध्याकाळी ५ ते ९. दोन तवे, मळायला एक मावशी, थापायला आणि भाजायला मी. म्हणजे दिवसाचे दहा तास एकाच फरशीवर उभं. वय ४७. डाव्या पोटरीवर आतल्या बाजूनं शिरा फुगल्यात, व्हेरिकोज म्हणतात त्या, धाकट्याच्या वेळेपासून. थंडीत विसरून जातो. पण होळी झाली की संध्याकाळी पोटरीत कुणीतरी भिजवलेली कणीक भरल्यासारखं वाटतं. जड, ठणकणारं. पैंजणाचा वळ रात्रीपर्यंत जात नाही. झोपलं की गोळे येतात, मग उठून भिंतीला धरून उभं राहायचं.

जानेवारीत डॉप्लर केला, म्हणजे पायातल्या रक्ताचा प्रवाह बघायची सोनोग्राफी. मांडीतून खाली येणाऱ्या मोठ्या शिरेच्या झडपा गेल्यात म्हणाले, लेसर करून टाकू, पण घाई नाही. मी म्हटलं दिवाळीनंतर बघू. तोवर गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे घाला म्हणाले. आणले. आणि इथंच घोडं अडलंय. तव्यापुढं दहा मिनिटांत घामानं भिजतात, खाजतात, वरची पट्टी घसरते आणि गुडघ्याखाली गुंडाळी होऊन करकचते. परवा चिडून काढले आणि पिठाच्या डब्यावर टाकले. अजून तिथंच आहेत.

विचारायचं हे की उन्हाळाभर मोजे सोडले तर चालतंय का? आणि ज्यांना हा त्रास आहे ते एप्रिल-मे कसा काढतात?

---

कोथरूडची_पोर | ९ एप्रिल, रात्री ११:०५

दादा, माझ्या बाबांनाही आहे. ते संध्याकाळी भिंतीला पाय टेकवून झोपतात अर्धा तास. बरं वाटतं म्हणतात.

---

तवा_आणि_मी | ९ एप्रिल, रात्री ११:१२

दादा नव्हे गं, ताई :) कोल्हापुरात आम्ही बायका पण 'येतो, जातो'च म्हणतो. दोन पोरं झाली तरी 'येते, जाते' तोंडात बसत नाही.

---

कोथरूडची_पोर | ९ एप्रिल, रात्री ११:१५

अग्गं! सॉरी ताई. "धाकट्याच्या वेळेपासून" वाचून मी जरा थबकलेच होते.

---

वॉर्ड_नंबर_चार | १० एप्रिल, सकाळी ६:३०

ताई, मी निवृत्त सिस्टर. सर्जरी वॉर्डात तीस वर्षं काढली, आणि माझ्या स्वतःच्या दोन्ही पायांना हाच आजार. आमच्या धंद्याची देणगीच म्हणा. डॉक्टर नव्हे, त्यामुळं औषध सांगणार नाही. पण तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर देते: उन्हाळ्यात मोजे सोडायचे नाहीत. ज्या दिवसांत ते नकोसे होतात, त्याच दिवसांत त्यांची गरज जास्त.

का ते ऐका. पायातलं रक्त वर हृदयाकडं चढवायचं काम पोटरीचा स्नायू करतो. चालताना तो आवळतो, शिरा दाबल्या जातात, रक्त वर ढकललं जातं, आणि ते परत खाली येऊ नये म्हणून शिरांत एकतर्फी झडपा असतात. माणूस नुसता उभा असला की घोट्याजवळच्या शिरेत ८०-९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. चांगला पाय चालायला लागला की तोच ३०च्या खाली येतो. तुमच्या झडपा गळक्या, म्हणून चाललात तरी तो पुरता उतरत नाही. आणि तुम्ही तर चालतच नाही, एका जागी उभ्या.

आता उन्हाळा. अंगातली उष्णता बाहेर टाकायला शरीर कातडीजवळच्या रक्तवाहिन्या सैल सोडतं. सैल शीर म्हणजे फुगलेली शीर, तिच्यात झडपेची दोन पानं एकमेकांना भेटतच नाहीत. रक्त साचतं, त्यातलं पाणी आजूबाजूला झिरपतं, घोटा सुजतो. तुमच्या बाबतीत हवेचा उन्हाळा आणि तव्याचा उन्हाळा, दोन्ही एकदम.

मोजा काय करतो? घोट्याला सगळ्यात घट्ट, वर जाईल तसा सैल. सैल पडलेल्या शिरेला बाहेरून आवळून धरतो, बस. आजार बरा करत नाही. काढला की शीर पुन्हा आहे तशी.

पण तुमचा मोजा घसरतोय आणि गुंडाळी होतोय, हे मला खटकतंय. माप कधी घेतलं होतं? कितव्या क्लासचा आहे?

---

तवा_आणि_मी | १० एप्रिल, दुपारी २:१०

सिस्टर, खोक्यावर क्लास २ आहे. माप म्हणाल तर संध्याकाळचं काम उरकून तशीच दुकानात गेलो. पोरानं पायाकडं बघितलं, टेप लावली का नाही आठवत नाही, "लार्ज बसेल" म्हणाला आणि दिला.

---

वॉर्ड_नंबर_चार | १० एप्रिल, दुपारी २:४५

मिळाला चोर! दहा तास उभं राहून सुजलेल्या पायावर, तेही नजरेनं. मग सकाळी उतरलेल्या पायाला तो ढगळ होणारच. ढगळ मोजा घसरतो, घसरलेल्याची गुंडाळी होते आणि ती गुंडाळी दोरीसारखी आवळते. औषध उलटं लागू पडतं. वरची काठ दुमडून घालायची तर मुळीच नाही, त्याच कारणानं.

माप सकाळी, अंथरुणातून उठल्या-उठल्या. घोट्याच्या वर जिथं पाय सगळ्यात बारीक तिथला घेर, पोटरीचा सगळ्यात जाड घेर, आणि टाचेपासून गुडघ्याच्या वाटीखालपर्यंत लांबी. तीन आकडे चिठ्ठीवर लिहून दुकानात न्या, मोज्याच्या खोक्यावर तक्ता असतो त्याच्याशी ताडा. बोटं उघडी असलेला प्रकार मागा, उन्हाळ्यात तोच बरा. क्लास मात्र डॉक्टरांना विचारून. १ म्हणजे साधारण १८ ते २१, आणि २ म्हणजे २३ ते ३२ मिलिमीटर दाब. काही जणांना उन्हाळ्यापुरता १ देतात. पेटीत पडून असलेल्या क्लास २ पेक्षा पायात असलेला क्लास १ चांगला, असं आमचे सर म्हणायचे.

आणि शुगर असेल, चालताना पोटरी आखडून थांबावं लागत असेल, पावलं गार पडत असतील, तर आधी धमनीचा रक्तपुरवठा तपासल्याशिवाय असले मोजे कुणीही घालायचे नाहीत. हे इथं वाचणाऱ्या सगळ्यांसाठी.

---

वनौषधी_प्रेमी | १० एप्रिल, संध्याकाळी ७:२०

एवढं सगळं कशाला? रात्री गरम पाण्यात खडेमीठ टाकून पाय बुडवा आणि मोहरीच्या तेलानं खालपासून वरपर्यंत चांगलं रगडा. आमच्या आजीनं आयुष्यभर तेच केलं.

---

रंकाळ्याचा_वारा | १० एप्रिल, रात्री ८:०२

गरम पाण्याचं नाव काढू नका राव. आमच्या आईचं सांगतो.

मागच्या मे महिन्यात दुपारी आई अंघोळीला गेली. तिला बारा महिने कडकडीत पाणीच लागतं. घोट्यापाशी तिच्या निळ्या शिरांचं जाळं आहे, कातडी अगदी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेली. टाच घासता घासता वज्री तिथं लागली. दुखलं पण नाही म्हणाली. खाली बघितलं तर मोरीत लाल धार. आम्ही धावलो, खुर्चीवर बसवलं, पाय खाली लोंबकळत, आणि वर हळद दाबतोय. हळद वाहून जातेय, रक्त थांबायचं नाव नाही. शेजारचे एक पशुवैद्य आले, त्यांनी आधी सगळ्यांवर आरडाओरडा केला, आईला फरशीवर आडवं घातलं, पाय उचलून खुर्चीवर ठेवला आणि स्वच्छ पंचाची घडी करून दहा-पंधरा मिनिटं नुसती दाबून धरली. थांबलं. मग दवाखाना.

जनावरांच्या डॉक्टरला कळलं आणि चार शिकलेल्या पोरांना नाही. लई लाज वाटली.

---

वॉर्ड_नंबर_चार | १० एप्रिल, रात्री ८:३०

त्या पशुवैद्यांना माझा नमस्कार सांगा. आडवं करायचं, पाय छातीच्या वर, आणि मधेमधे उघडून न बघता दाबून धरायचं. खुर्चीत बसवलं की सगळ्या दाबानं रक्त तिथंच येतं. थांबलं तरी डॉक्टरांना दाखवायचंच, कारण तीच शीर परत फुटू शकते.

वनौषधी_प्रेमी, तेलाला माझी ना नाही. रात्री मोजे काढल्यावर कोरड्या कातडीला हलक्या हातानं खोबरेल लावावं, खाज कमी होते. पण गाठीवर रगडायचं नाही, आणि सकाळी मोजा चढवण्याआधी तेल नको, मोज्याचं रबर खराब होतं. गरम शेक उन्हाळ्यात तर उलटाच, आधीच सैल पडलेल्या शिरा आणखी सैल. गार पाणी घ्या. बर्फाचं नव्हे, माठातलं.

---

वनौषधी_प्रेमी | १० एप्रिल, रात्री ८:४१

आजी ९१ वर्षं जगली, एवढंच बोलतो.

---

गुळव्याचा_पोरगा | ११ एप्रिल, सकाळी ११:१५

मी करवीर तालुक्यातला. वडील गुळव्या होते. गुऱ्हाळावर काहिलीपुढं उभं राहायचं म्हणजे काय ते बघितलेल्यालाच कळतं. खाली चुलवणाची आग, वर उकळता रस, आणि पाक आला का नाही ते बघायला माणूस काहिलीवर वाकलेला. हंगाम सुरू झाला की रोज तेच.

वडिलांच्या घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी आधी तांबूस, मग काळी पडली. खाज सुटायची. आम्हाला वाटलं नायटा. मेडिकलमधून मलमाच्या ट्यूबा आणून लावल्या दोन वर्षं. मग एक दिवस खाजवताना खरचटलं आणि ती जखम चौदा महिने बरी झाली नाही. चौदा. शेवटी कोल्हापुरात सीपीआरला, सरकारी दवाखान्यात, नेलं. तिथं कळलं की हा कातडीचा आजार नव्हेच, शिरांचा आहे. दर आठवड्याला चार पदरी पट्टी बांधायचे घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. जखम भरली, पण पट्टीत उन्हाळा काढताना म्हातारा माणूस रडायचा.

ताई, तुमच्या घोट्याजवळ काळं पडलंय का बघा. पडलं असेल तर दिवाळीची वाट बघू नका.

---

तवा_आणि_मी | ११ एप्रिल, दुपारी २:३०

आताच बघितलं. थोडं तपकिरी आहे. मला वाटायचं पैंजण घासून झालंय. सिस्टर?

---

वॉर्ड_नंबर_चार | ११ एप्रिल, दुपारी ३:१०

पैंजणाचा डाग गोल फिरतो. हा आतल्या बाजूलाच असेल तर शिरेतून झिरपलेल्या रक्तातल्या लोहाचा असतो. घाबरू नका, पण डॉक्टरांना फोटो दाखवू नका, पाय दाखवा. जानेवारीत होता का तेही सांगा.

---

तिकीट_घ्या_तिकीट | ११ एप्रिल, रात्री ९:००

निवृत्त कंडक्टर. ३१ वर्षं एसटीत. माझी पण पोटरी म्हणजे द्राक्षाचा घड.

एक वेगळीच गोष्ट सांगतो. गेल्या उन्हाळ्यात माझे दोन्ही, ऐका, दोन्ही घोटे सुजायला लागले. मी समजलो व्हेरिकोजच. पण डॉक्टरांनी आधी गोळ्यांची पिशवी मागितली. बीपीची ॲम्लोडिपिन दोन महिन्यांपूर्वी वाढवली होती, त्या गोळीनं घोटे सुजतात म्हणे. बदलून दिली, सूज बरीच उतरली. स्वतःच्या मनानं बंद करू नका हो कुणी, आमच्या डेपोतल्या एकानं तसं केलं आणि बीपी वाढून ॲडमिट झाला.

बाकी उपाय माझे असे. पलंगाच्या पायथ्याकडच्या दोन पायांखाली एकेक वीट. उशीवर पाय झोपेत राहत नाहीत, विटा रात्रभर राहतात. पहाटे युनिव्हर्सिटीत चालायला जातो, सातच्या आत घरी, उन्हात नाही. आणि मोजे दोन जोड. एक पायात, एक दोरीवर.

---

भट्टी_शिफ्ट_बी | १२ एप्रिल, सकाळी ७:४५

गोकुळ शिरगावला फाउंड्रीत आहे. मी उजव्या पायाचं लेसर करून घेतलंय दोन वर्षांपूर्वी. पायाला सुया टोचून बधीर करतात, त्या सुयाच काय त्या दुखतात. शिरेत बारीक वायर घालून आतून भाजून बंद करतात. त्याच दिवशी चालत घरी. वाटलं होतं शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून? तर आत खोलवर मोठ्या शिरा असतात, खरं काम त्याच करतात.

पण मी मूर्खासारखं मे महिन्यात केलं. नंतर काही दिवस मोजे घालावेच लागतात, त्यात आमची भट्टी. तुम्ही दिवाळीनंतर म्हणताय ते त्या दृष्टीनं शहाणपणाचं आहे, डॉक्टर थांबा म्हणाले तर.

तोवर एक जुगाड. प्यायच्या पाण्याची जुनी स्प्रे बाटली घ्या, साधं पाणी भरा आणि मोज्यावरूनच पोटरीवर मारा. मोजा काढायचा नाही. पाणी उडून जाताना पोटरी गार पडते, माठाचं तत्त्व. एप्रिलच्या कोरड्या हवेत झकास चालतं. मेअखेर वळीव पडून हवा दमट झाली की तितकं नाही.

---

कोथरूडची_पोर | १२ एप्रिल, सकाळी ९:२०

बाबांना दाखवला धागा. ते विचारतायत की पाणी कमी प्यायलं तर सूज कमी होईल का? ते मुद्दाम कमी पितात.

---

वॉर्ड_नंबर_चार | १२ एप्रिल, सकाळी ९:५०

नाही. ही सूज पाणी जास्त झाल्याची नव्हे, पाणी एका जागी अडकल्याची आहे. उन्हाळ्यात पाणी तोडलं तर चक्कर येईल, लघवीला जळजळ होईल. ज्यांना हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असल्यानं डॉक्टरांनीच पाणी मोजून दिलंय त्यांचं वेगळं. मीठ मात्र हात आखडून. या दिवसांत लोणची, सांडगे, पापड, वर मीठ घातलेलं ताक, नकळत बरंच जातं.

आणि एक गोष्ट, जिच्यासाठी मी हा धागा सोडत नाही. एकच पाय अचानक एका दिवसात सुजला, पोटरी कडक झाली, दाबली की दुखते, गरम लागते, तर तो उन्हाळा समजू नका. खोल शिरेत गुठळी असू शकते. चोळायचं नाही, मोजा चढवून बघायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. त्यासोबत दम लागला, छातीत दुखलं तर घरात एक मिनिट थांबायचं नाही.

---

तवा_आणि_मी | २६ एप्रिल, रात्री १०:१५

मंडळी, पंधरा दिवसांनी आलो. बरंच घडलंय.

डॉक्टरांकडं जाऊन आलो. डाग शिरेचाच. जखम नाही, कातडी मऊ आहे, म्हणून थांबायला हरकत नाही म्हणाले, पण मोजे सोडाल तर थांबायचं नाही. सकाळी साडेपाचला पोरानं माप घेतलं. लार्ज कुठलं, मीडियम निघालं! उन्हाळ्यापुरता क्लास १, बोटं उघडी. पहिल्या दिवशी चढवायला वीस मिनिटं लागली, कपाळावर घाम. मग मोलकरणीनं युक्ती दिली, भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून ओढायचा. पकड येते, नखं लागत नाहीत. टाचेपर्यंत उलटा करायचा, पाऊल घालायचं, टाच जागेवर बसवायची आणि मग तळव्यांनी थोडा थोडा वर सरकवायचा. आता तीन मिनिटं.

ओट्याखाली जुना टेबलफॅन ठेवलाय, तोंड पायांकडं. गॅसची ज्योत हलत नाही आणि पोटरीला वारा. स्प्रे बाटली आहेच. एक पाटही ठेवलाय, आलटून पालटून एकेक पाय त्यावर. भाकरी थापताना टाचा वर-खाली करतो, एका भाकरीला दहा वेळा. मावशी म्हणते, ताई नाचायला लागल्या. पोळ्या लाटायला उंच स्टूल घेतलंय, पण भाकरी बसून थापायचं अजून जमत नाही, जोर येत नाही.

दुपारी दीडला दार लावून पंधरा मिनिटं भिंतीला पाय. त्या पंधरा मिनिटांची किंमत मला कुणी विचारू नये. पाय वर जाताना जो झिणझिण्या उतरल्यासारखा भास होतो ना!

एक फजिती सांगतो. परवा चटणी कांडायला डंकावर गेलो. ब्याडगी, संकेश्वरी, सगळं भाजून नेलेलं. रांगेत दोन तास उभा. मिरचीची धूळ उडून मोज्याच्या विणीत बसली आणि वर मी स्प्रे मारला. पुढचं काय सांगू. अख्ख्या डंकावर पाय झाडत नाचलो. घरी येऊन ताकात पाय बुडवून बसलो.

---

रंकाळ्याचा_वारा | २६ एप्रिल, रात्री १०:२२

नाद खुळा! कांदा-लसूण मोजे!!

---

वॉर्ड_नंबर_चार | २६ एप्रिल, रात्री १०:४०

हसून हसून पोट दुखलं. ते मोजे कोमट पाण्यात सौम्य साबणानं दोनदा धुवा, पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा, सावलीत वाळवा. उन्हात वाळवले तर रबर जातं. रोज धुतले तरी चालतात, उलट घाम निघाला की पकड परत येते. साधारण सहा महिन्यांनी मात्र बदलायचे, चढवायला सोपे वाटायला लागले की समजायचं दम गेला.

---

तिकीट_घ्या_तिकीट | २७ एप्रिल, सकाळी ६:१०

रात्रीचे गोळे गेले का?

---

तवा_आणि_मी | २७ एप्रिल, दुपारी २:००

कमी झाले काका. आठवड्यात दोनदा येतात, पूर्वी रोज. विटा मालकांना पटत नव्हत्या, "घसरून डोक्याकडं येतो" म्हणत होते. आता त्यांनी त्यांचा पलंग वेगळा केलाय.

---

वॉर्ड_नंबर_चार | २७ एप्रिल, दुपारी २:२५

आणि लेसरचं? 'दिवाळीनंतर' ही तारीख नसते हो ताई. वॉर्डात मी चार-चार दिवाळ्या गेलेले पाय बघितलेत.

---

तवा_आणि_मी | २७ एप्रिल, दुपारी २:३१

घेतली सिस्टर. नोव्हेंबरचा तिसरा सोमवार. सोमवारी केंद्र बंद असतं.